नगराची आखणी

नगरपालिकेच्या कचेरीत पुष्कळदा भिंतीवर एक मोठा रंगीत नकाशा टांगलेला असतो. कर भरण्यास किंवा दाखला घेण्यास आलेली माणसे त्याच्याकडे सहसा पाहत नाहीत. तुम्ही मात्र कधी तेथे गेलात, तर क्षणभर त्याच्यापुढे उभे राहा. त्यावर बोट ठेवून शोधू लागलात, तर आपली गल्ली सापडेल, शाळा सापडेल, नदी आणि आठवड्याचा बाजारही सापडेल. परंतु त्याच नकाशात काही गोष्टी अशा दिसतील, की ज्या गावात कोठेच नाहीत. जेथे आज ज्वारीचे शेत डोलत आहे, तेथे नकाशात रुंद रस्ता काढलेला आहे. जेथे बाभळीचे रान आहे, तेथे 'प्राथमिक शाळा' अशी अक्षरे आहेत. गावाबाहेरच्या एका मोकळ्या माळावर हिरवा चौकोन रंगविला असून त्यात 'क्रीडांगण' असे लिहिलेले आहे.

मग हा नकाशा चुकीचा आहे काय? नाही. गाव आज जसे आहे, तसे तो दाखवीत नाही. आणखी वीस वर्षांनी ते जसे असावयास हवे, तसे तो दाखवितो. या नकाशाला व त्यासोबतच्या नियमांना 'विकास योजना' असे म्हणतात. अशा योजना तयार करावयाच्या, त्या तपासावयाच्या आणि नगरपालिकांना त्या कामी सल्ला द्यावयाचा, हे काम करणारे शासनाचे एक खाते आहे. त्याचे नाव नगररचना आणि मूल्यनिर्धारण विभाग. या विभागाचे संचालक पुण्यास असतात आणि जिल्ह्याजिल्ह्यांत त्याची शाखा कार्यालये आहेत.

गावे तर फार पूर्वीपासून वसत आली आहेत. मग त्यांच्या आखणीसाठी स्वतंत्र खाते कशाला हवे, असे कोणी विचारील. याचे उत्तर एखाद्या जुन्या, दाट वस्तीच्या गल्लीत गेल्यावर आपोआप मिळते. घर बांधताना प्रत्येक जण आपल्या सोयीचा विचार करतो. एकाने ओटा हातभर पुढे घेतला, दुसऱ्याने पायऱ्या पुढे आणल्या, तिसऱ्याने वर सज्जा काढला. यांपैकी कोणीही फार मोठा अपराध केलेला नसतो. परंतु सर्वांचे मिळून असे होते, की त्या गल्लीत ऊन उतरत नाही, वारा फिरत नाही आणि आग लागली तर बंब आत जाऊ शकत नाही. प्रत्येक जण स्वतःच्या घराची काळजी घेतो; गल्लीची काळजी मात्र कोणाचीच नसते. ती वाहण्यासाठी सर्वांच्या वतीने कोणी तरी असावे लागते.

ही गोष्ट मुंबई शहराला फार मोठी किंमत देऊन कळली. १८९६ च्या सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांना प्लेगचा रुग्ण आढळला. बंदराजवळची ती वस्ती धान्याच्या वखारींनी आणि माणसांनी खच्चून भरलेली होती. पाहता पाहता रोग पसरला. सहस्रावधी लोक दगावले. त्याहूनही अधिक लोक शहर सोडून पळाले. तो पुण्यातही शिरला. तेथे रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले यांना प्लेगने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. कोंदट हवेमुळे हा रोग होतो, असे त्या वेळी पुष्कळांना वाटे. तो उंदरांच्या अंगावरील पिसवांमुळे पसरतो, हे पुढे सिद्ध झाले. परंतु अंधाऱ्या, दाट आणि अस्वच्छ वस्तीत उंदरांचे फावते, एवढे मात्र खरेच होते.

शहराची रचना सुधारण्यासाठी १८९८ साली सरकारने एक मंडळ नेमले. ते 'इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' या नावाने प्रसिद्ध आहे. समुद्रावरचा वारा दाट वस्तीत खेळावा म्हणून या मंडळाने प्रिन्सेस स्ट्रीटसारखे रुंद रस्ते काढले. उत्तरेकडे दादर, माटुंगा येथे सरळ रस्त्यांच्या, झाडांच्या व मोकळ्या मैदानांच्या नव्या वसाहती आखल्या. त्या आजही पाहण्यासारख्या आहेत. तथापि या कार्याला दुसरी बाजू होती. रस्त्यांसाठी जितकी घरे पाडली गेली, तितकी नवी बांधली गेली नाहीत. नव्या वसाहतींतील घरे गरिबांना परवडणारी नव्हती आणि त्यांच्या कामाची ठिकाणे तर जुन्या वस्तीतच होती. म्हणून घर गेलेली गरीब कुटुंबे शेजारच्याच चाळींत दाटीने राहू लागली. एका गल्लीतील गर्दी दुसऱ्या गल्लीत गेली, एवढेच झाले.

केवळ पाडणे म्हणजे सुधारणे नव्हे, हा धडा सांगणारा एक माणूस त्यानंतर थोड्याच वर्षांनी भारतात आला. त्याचे नाव पॅट्रिक गेडिस. हे स्कॉटलंडचे विद्वान १९१४ साली येथे आले आणि अनेक नगरांतून पायी फिरले. १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला, त्याचे ते पहिले प्राध्यापक होत. त्यांची पद्धत निराळी होती. एखाद्या जुन्या पेठेत सरळ रेघ ओढून वाटेतील सर्व घरे पाडण्यास त्यांचा विरोध असे. आधी गल्लीबोळांतून हिंडावे, विहिरी, झाडे, देवळे, लोकांची बसण्याउठण्याची ठिकाणे पाहावीत, आणि मग अगदी मोडकळीस आलेली दोन-चार घरे काढून तेथे मोकळी जागा करावी, असे ते सुचवीत. कुशल वैद्य शरीराचा दुखरा भागच तेवढा कापतो, तसे नगराचेही असावे, असे त्यांचे मत होते.

इंदूरच्या होळकर संस्थानात त्यांनी केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. तेथेही प्लेगची भीती होती. गेडिस यांनी एका दिवाळीच्या मिरवणुकीची व्यवस्था आपल्या हाती घेतली आणि जाहीर केले, की ही मिरवणूक नेहमीच्या मार्गाने जाणार नाही. ज्या रस्त्यांवरील घरे सर्वांत स्वच्छ असतील, त्याच रस्त्यांनी ती जाईल. मग काय विचारता! जो तो घर झाडू-सारवू लागला, कचरा बाहेर पडू लागला. मिरवणुकीत प्लेगचा एक भला मोठा उंदीर होता. शहर झाडणारे सफाई कामगार स्वच्छ पोशाखात मानाने चालत होते. नगरदेवतेच्या पताकेवर इंदूर शहराचा नकाशा रंगविलेला होता. अखेरीस त्या उंदराचे दहन झाले. नगराची रचना ही केवळ अधिकाऱ्यांनी कागदावर करावयाची गोष्ट नसून ती लोकांनी मनावर घेतल्यावाचून तडीस जात नाही, हे या मिरवणुकीने किती सहज शिकविले!

त्याच सुमारास मुंबई इलाख्यात हे काम कायमच्या स्वरूपात सुरू झाले. १९१४ साली या खात्याची स्थापना झाली आणि १९१५ साली मुंबई नगररचना अधिनियम मंजूर झाला. नगररचनेविषयीचा हा भारतातील पहिला कायदा होय. स्वातंत्र्यानंतर १९५४ साली झालेल्या नव्या कायद्याने प्रत्येक नगरपालिकेवर आपल्या संपूर्ण क्षेत्राची विकास योजना तयार करण्याचे बंधन घातले. पुढे महाराष्ट्र राज्यासाठी 'महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६' हा कायदा झाला. ११ जानेवारी १९६७ पासून तो अमलात आला आणि वेळोवेळी दुरुस्त्या होऊन आजही चालू आहे.

आता विकास योजना तयार कशी होते, ते पाहू. प्रथम आज काय आहे, याची मोजदाद करावी लागते. नगररचनाकार आणि त्यांचे सहकारी गावभर फिरतात. कोठे घरे आहेत, कोठे दुकाने, कोठे कारखाने, कोठे शेती, कोणता रस्ता किती रुंद, पावसाचे पाणी कोठून वाहते, हे सर्व नोंदवून ते विद्यमान जमीनवापराचा नकाशा तयार करतात. घरांच्या भागाला साधारणपणे पिवळा, दुकानांच्या भागाला निळा, कारखान्यांच्या भागाला जांभळा आणि मोकळ्या जागांना हिरवा रंग देण्याची रीत आहे.

यानंतर पुढचा हिशेब मांडावयाचा. समजा, एखाद्या गावाची वस्ती आज पन्नास हजार असून वीस वर्षांनी ती ऐंशी हजार होईल, असा अंदाज निघाला. म्हणजे आणखी तीस हजार माणसे येणार. त्यांत मुले किती असतील? त्यांना शाळा किती लागतील? दवाखाना कोठे असावा, म्हणजे रोग्याला फार लांब न्यावे लागणार नाही? भाजीबाजार, अग्निशमन केंद्र, बसस्थानक, स्मशानभूमी, पाण्याची टाकी, कचऱ्याची जागा, यांपैकी काहीच विसरून चालत नाही. प्रत्येक गोष्टीसाठी किती जमीन लागेल, हे काढून ती नकाशावर राखून ठेवतात. यालाच 'आरक्षण' म्हणतात.

असा कच्चा नकाशा तयार झाला, की तो लगेच अमलात येत नाही. तो लोकांपुढे ठेवावा लागतो. तशी सूचना राजपत्रात व वर्तमानपत्रांत प्रसिद्ध होते. ठरावीक मुदतीत कोणालाही आपल्या सूचना किंवा हरकती लेखी नोंदविता येतात. त्या नोंदविणाऱ्यांचे म्हणणे एक समिती ऐकून घेते. त्यानंतर योजनेत योग्य ते बदल होतात आणि ती शासनाकडे जाते. शासन नगररचना विभागाचा अभिप्राय घेऊन तिला मंजुरी देते. मंजूर झालेल्या योजनेचा निदान वीस वर्षांतून एकदा फेरविचार करावा, असे कायदा सांगतो. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हा विभाग स्वतः रस्ते किंवा शाळा बांधीत नाही. वैद्याने औषध लिहून द्यावे आणि घरच्यांनी ते आणून पाजावे, तसे हे आहे. योजना अमलात आणण्याचे काम मुख्यतः नगरपालिकेचे असते.

विकास योजनेच्या जोडीला 'नगररचना योजना' नावाची आणखी एक युक्ती या कायद्यात आहे. शहराच्या वेशीलगत काही शेतकऱ्यांची वेडीवाकडी शेते आहेत, अशी कल्पना करा. एकाचे शेत त्रिकोणी, दुसऱ्याचे चिंचोळे. तिसऱ्याच्या शेताला तर जाण्यास वाटच नाही. अशा जमिनींवर चांगली घरे उभी राहू शकत नाहीत. या योजनेत सर्वांच्या जमिनी कागदोपत्री एकत्र करतात. त्यांतून रस्ते, बाग, शाळा यांसाठी जागा काढतात आणि उरलेल्या जमिनीचे चौकोनी, रस्त्याला लागून असलेले भूखंड पाडून ते ज्याचे त्याला परत देतात. प्रत्येकाची जमीन क्षेत्राने थोडी घटते, परंतु उपयोगाने व किमतीने वाढते. तोट्या-फायद्याचा हिशेब लवाद प्रत्येक मालकाचे म्हणणे ऐकून ठरवितो. पुण्याजवळच्या भांबुर्डे गावाच्या जमिनीवर अशीच योजना झाली. ते भांबुर्डे म्हणजेच आजचे शिवाजीनगर. तेथील मिळकतींच्या कागदपत्रांवर 'अंतिम भूखंड क्रमांक' अजूनही लिहिलेला आढळतो. तो या योजनेचीच खूण आहे.

जमिनीच्या अशा देवघेवीत तिची किंमत न्यायाने ठरविणारा कोणी तरी लागतो. विभागाच्या नावात 'मूल्यनिर्धारण' हा शब्द आहे, तो यासाठीच.

येथवर सारे सोपे वाटते. परंतु खरी कसोटी पुढेच आहे. नकाशावरचा तो हिरवा चौकोन रिकामा कागद नसतो. ती कोणाची तरी जमीन असते. 'क्रीडांगणासाठी आरक्षित' असा शिक्का तिच्यावर पडला, की मालकाला तेथे घर बांधता येत नाही आणि ती सहजी विकताही येत नाही. नगरपालिकेजवळ पैसा नसेल, तर ती जमीन घेतही नाही आणि सोडतही नाही. मुलीच्या लग्नाकरिता किंवा आजारपणाकरिता त्या जमिनीवर भिस्त ठेवून बसलेल्या माणसाने काय करावे? मुलांना मैदान हवे, हे खरे. पण त्याचा सगळा भार एकट्याच कुटुंबाने का सोसावा? म्हणूनच कायद्याने मालकाला योग्य मोबदला देण्याचे बंधन घातले आहे. दहा वर्षांत जमीन घेतली नाही, तर मालक सूचनापत्र देऊ शकतो आणि त्यानंतरही विहित मुदतीत काही हालचाल झाली नाही, तर आरक्षण संपुष्टात येते. मालकाच्या दृष्टीने हा न्याय आहे. परंतु मैदान मात्र गेलेले असते, आणि ते बहुधा कायमचे.

नव्या मुंबईच्या उभारणीत हाच प्रश्न फार मोठ्या प्रमाणावर उभा राहिला. जुन्या मुंबईवरील भार हलका व्हावा म्हणून खाडीपलीकडे नवे शहर वसविण्याचे ठरले आणि १९७० साली त्यासाठी सिडको हे मंडळ स्थापन झाले. पंचाण्णव गावांच्या जमिनी या शहराच्या आखणीत आल्या. भातशेती, मिठागरे आणि मासेमारी यांवर जगणाऱ्या कुटुंबांना मिळालेला मोबदला अपुरा वाटला. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली मोठे आंदोलन झाले. त्या वेळी झालेल्या गोळीबारात पाच जणांना प्राण गमवावे लागले. पुढे, घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन मूळ धारकांना परत द्यावी, असे धोरण शासनाने स्वीकारले. आज रुंद रस्त्यांचे ते शहर पाहताना, त्याखाली कोणाची भातशेते होती, याची आठवण ठेवणे हे आपले कर्तव्य आहे.

माणसांइतकाच नद्यांचाही नगरावर हक्क असतो. नदीला उन्हाळ्यात थोडी जागा पुरते, परंतु पावसाळ्यात ती आपली सगळी जागा मागते. म्हणून जलसंपदा विभाग नदीकाठी पूररेषा ठरवितो आणि नकाशावर त्या दाखविल्या जातात. पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची निळी रेषा. शंभर वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत बांधकामास मनाई असते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईच्या सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मिठी नदीच्या पात्रात भर पडून आणि काठांवर बांधकामे होऊन ती अरुंद झाली होती. पाण्याला वाट मिळेना, तेव्हा ते घराघरांत शिरले. कोणत्याही शहराला इतका पाऊस जडच गेला असता. परंतु नदीची जागा नदीकडे राहिली असती, तर हानी कमी झाली असती, यात संशय नाही.

अशा वेळी, नकाशे असूनही असे का घडते, हा प्रश्न मनात येतो. याचे कारण नकाशा स्वतः काहीच करू शकत नाही. हिरव्या चौकोनावर रातोरात कुंपण पडले, तर तो ओरडत नाही. कोणी लोभाने आरक्षित जागा बळकावतो. कोणी कारखान्यात राबणारे कुटुंब तर निरुपायाने तेथे झोपडी बांधते, कारण त्याच्यासाठी नकाशात परवडणारी जागा कोणी ठेवलेलीच नसते. पहिल्याला अडविले पाहिजे; दुसऱ्याला घर दिले पाहिजे. ज्या आखणीत गरिबांच्या घरांना जागा नाही, ती आखणी अपुरी होय, हे प्लेगनंतरच्या मुंबईने आपल्याला आधीच सांगून ठेवले आहे.

विकास योजनेवर हरकत नोंदविण्याचा अधिकार सर्वांना असतो. जमिनीचे मालक येतात, व्यापारी येतात, संस्थाही येतात. परंतु ज्यांच्यासाठी ही योजना मुख्यतः आखली जाते, ती पंधरा-वीस वर्षांनंतरची मुले त्या वेळी जन्मालाही आलेली नसतात. ती अर्ज लिहू शकत नाहीत की समितीपुढे उभी राहू शकत नाहीत. त्यांच्या वतीने आधी नगररचनाकार बोलतो आणि त्याच्यानंतर ते काम जागरूक नागरिकांवर येते. आज तुम्ही ज्या मैदानावर खेळता, ते कधी काळी कोणीतरी नकाशावर रंगविलेले आणि पुढे अनेकांनी सांभाळलेले आहे. ते सांभाळणाऱ्यांची नावे तुम्हाला ठाऊक नाहीत आणि त्यांनाही तुमची ठाऊक नव्हती. आता तुमच्या गावचा नकाशा कोठे टांगला आहे, ते शोधून काढा आणि त्यातील हिरवे चौकोन मोजा. मग गावात जाऊन ते जागेवर आहेत किंवा नाहीत, ते पाहा.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची उत्तरे प्रत्येकी दोन-तीन वाक्यांत लिहा.
(अ) नगरपालिकेतील नकाशात, गावात नसलेल्या गोष्टी का दाखविलेल्या असतात?
(आ) मुंबईतील इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या कार्याच्या दोन बाजू कोणत्या?
(इ) नगररचना योजनेत जमीन घटूनही मालकाचा फायदा कसा होतो?

२. कारणे द्या.
(अ) इंदूरमधील लोक आपापली घरे झाडू-सारवू लागले.
(आ) केवळ नकाशा तयार झाल्याने नगराची रचना सुधारत नाही.

३. 'मैदानासाठी आरक्षित झालेल्या जमिनीचा मालक' आणि 'त्या मैदानाची वाट पाहणारा विद्यार्थी' यांच्यातील संवाद दहा-बारा ओळींत लिहा. दोघांचेही म्हणणे न्यायाने मांडा.

४. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : तडीस जाणे, भिस्त ठेवणे, फावणे, निरुपाय.

५. उपक्रम : आपल्या शाळेच्या परिसराचा आजचा नकाशा काढा व त्यास योग्य रंग द्या. वीस वर्षांनी तेथे काय असावे, ते दुसऱ्या नकाशात दाखवा.